कुणी राहिलंय का?

"कुणी राहिलंय का...? राहिलं असेल तर हात करा!"

हा आवाज तिच्या इतक्या लहानपणापासूनचा होता, की आधी कान आले की आधी आवाज, हे तिला सांगता आलं नसतं. बसस्थानकाच्या भोंग्यातून तो निघायचा, पत्र्यांवरून घरंगळत गल्लीत उतरायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरून फळीवरच्या भांड्यांना हलकेच वाजवायचा. आवाज बाबांचा होता. स्थानकाच्या माडीवर, काचेच्या खोलीत बसून ते गाड्या पुकारायचे. पुकारून झालं, की कुठल्याही नियमात नसलेलं हे एक वाक्य पदरचं घालायचे. मग क्षणभर थांबायचे. आणि त्या क्षणात कुणी ना कुणी हटकून धावत यायचं. कुणाची एक चप्पल हातात, कुणाचं पोर काखेत.

"बाबा, गाडी सुटतेय हे सगळ्यांना दिसतंच की. मग विचारता कशाला?" तिनं एकदा विचारलं होतं.

"अगं, गाडीला कुठे दिसतं कोण राहिलंय ते? ज्याचा त्यानं हात करावा लागतो. लाजला तो राहिला."

अख्ख्या गावाला गावोगाव धाडणारा हा माणूस स्वतः कधी कुठे गेला नाही. आई गेली, मग घशाच्या दुखण्यात बाबांचा आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज, विझत्या निखाऱ्यासारखी, जवळ गेलं तरच ऊब देणारी. स्थानकावरचा भोंगाही गेला. आता फलकावर नुसती अक्षरं पळतात. आणि लेक मोठी होऊन एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात बसली, लोकांच्या व्हिसाचे अर्ज भरत. बापानं गाड्या सोडल्या, लेकीनं विमानं. घराण्याचा वसाच म्हणायचा... सगळ्यांना पोचवायचं, आपण उंबरा ओलांडायचा नाही.

अशाच एका सुस्त दुपारी दार ढकलून एक तरुण आत आला. इकडे नाही, तिकडे नाही, थेट मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. केसांवरून हात फिरवला. हनुवटी वर केली. म्हणाला, "हं, काढा."

"काय काढू?"

"फोटो. पासपोर्टच्या मापाचा. पांढरी भिंत हवी म्हणाले."

"भिंत पांढरी आहे खरी," ती म्हणाली, "पण कॅमेरा शेजारच्या दुकानात आहे."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. विमानांची चित्रं, जगाचा नकाशा, फायलींचा ढीग. कानापर्यंत लाल झाला आणि हसला. हसताना त्याच्या केसांतून लाकडाचा भुसा भुरभुरत खाली आला, हळदीसारखा पिवळा.

"माफ करा हं. व्हिसासाठी हवाय फोटो. एकदा नाकारलाय, आता दुसऱ्यांदा मागायचाय. डोकंच ठिकाणावर नाही."

"का नाकारला?"

"राहणार कुठे, ते सांगता आलं नाही म्हणून."

"मग चुकीच्या दुकानात नाही आलात तुम्ही," ती म्हणाली आणि तिनं समोरची खुर्ची पुढे सरकवली. आपण ती जरा जास्तच पुढे सरकवली, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तो जिने बनवायचा. लाकडी जिने. सरळ, वळणाचे, गोल फिरत वर जाणारे. दूरदेशी शेकडो वर्षांचे जिने अजून उभे आहेत, ते त्याला डोळ्यांनी बघायचे होते, हातांनी चाचपायचे होते. कारखान्याच्या मालकानं कशीबशी सहा महिन्यांची रजा दिली होती. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर विषय संपला.

"पण आधीच कसं सांगू कुठे राहणार ते?" तो कळकळीनं म्हणाला. "एक जिना पाहिला, की तिथला म्हातारा सांगतो, अहो, हा काय बघता, अमक्या गावात याचा बाप आहे! मग मी तिकडे. जिन्यावर चढताना वरचा मजला आधी दिसतो का कधी?"

"अर्जात काय लिहिलं होतंत?"

"पहिल्या आठवड्याची खोली दाखवली. आणि पुढे लिहिलं — 'नंतरचं तिथे गेल्यावर बघू.'"

आतल्या टेबलामागून काका खो खो हसले. काका म्हणजे ऑफिसचे मालक. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं, सख्खे ते कुणाचेच नव्हते. "अरे बाबा, 'बघू' हा शब्द सासुरवाडीत चालतो, वकिलातीत नाही! लांब मुक्कामाचा पर्यटक व्हिसा हवा ना? मग शेवटच्या रात्रीपर्यंत डोक्यावर छप्पर कुठलं, ते आधी दाखवावं लागतं."

त्याचा चेहरा उतरला. तिला तो उतरलेला चेहरा बघवेना... आणि का बघवेना, तेही कळेना.

"थोडेच पण मोठे मुक्काम घेऊ या," ती म्हणाली. "एकेका ठिकाणी महिना-महिना. तिथून दिवसा कुठेही हिंडा, तुमचे बापजिने शोधा. खोल्या अशाच घेऊ, की ज्या रद्द करता येतात. बेत बदलला तर वेळेत कळवायचं, दुसरी घ्यायची. तुम्हीही मोकळे, वकिलातही खूश."

"पण बुकिंग खरं हं," काकांनी बोट उगारलं. "खोटा कागद या दारातून बाहेर जात नाही."

मग तो रोज कामावरून सुटला, की येऊ लागला. येताना लाकडाचा वास घेऊन यायचा आणि जाताना तो खुर्चीतच विसरून जायचा. "जपा गं," काका म्हणायचे, "एखाद्या दिवशी खुर्चीला पालवी फुटेल."

ती एकेक खोली त्याच्यापुढे उघडून ठेवायची.

"ही बघा. खाली बेकरी आहे. सकाळी पावाच्या वासानं जाग येईल."

"मी झोपण्यापुरताच तर जाणार. कुठलीही चालेल."

"कुठलीही कशी चालेल? खिडकी कुठे उघडते ते नको बघायला?"

"खिडकीतून जिना दिसतो का?"

"हिच्यातून नाही. पुढच्या मुक्कामाच्या खोलीतून नदी दिसते."

"मग घ्या. नदी म्हणजे आडवा पडलेला जिनाच." मग जरा थांबून, "तुम्ही गेलायत का कधी तिकडे?"

"मी? मी सगळीकडे गेलेय. या खुर्चीत बसून."

"आणि या खुर्चीतून उठून?"

ती पुढची खोली उघडू लागली. बाबांना सोडून कसं जायचं, असं ती सगळ्यांना सांगायची आणि सगळ्यांना ते पटायचं. तिचं तिला मात्र हल्ली पूर्वीइतकं पटेनासं झालं होतं.

त्या बुकिंगच्या संकेतस्थळाची एक खोड होती. कुठलीही खोली उघडा, 'व्यक्ती' या चौकटीत आपणहून 'दोन' लिहिलेलं असायचं. माणूस एकटाही घराबाहेर पडतो, हे जणू त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दर वेळी तिला ते खोडून 'एक' करावं लागे.

"जग दोनाचे चार करतं," ती एकदा वैतागून पुटपुटली, "आणि मी बसलेय दोनाचा एक करत!"

तो मोठ्यानं हसला. मग हसता हसता एकदम थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिनं खाली पाहिलं. टेबलावर भुश्याचा एक कण पडला होता. तो तिनं बोटानं उगाचच इकडचा तिकडे केला, तिकडचा इकडे.

शेवटच्या मुक्कामाची खोली शोधली त्या संध्याकाळी अवेळी पाऊस आला. काका लवकर घरी गेले होते. पत्र्यावर पाऊस अशा घाईनं बोलत होता, की जणू त्यालाही काही सांगायचं होतं आणि वेळ थोडा होता. समुद्राकाठचं घर होतं, माळ्यावरची खोली, आणि तिथवर नेणारा जुना लाकडी जिना. जिन्याचं चित्र दिसताच तो पडद्यावर इतका झुकला, की त्याचा श्वास तिच्या गालाला लागला.

"बघा, बघा! पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा रुंद आहे."

"चुकली असेल सुताराची."

"छे! मुद्दाम ठेवतात. पहिलं पाऊल टाकताना माणूस कचरतो ना... त्याला जरा जास्त जागा द्यायची. एकदा तिथे उभा राहिला, की पुढच्या आपोआप होतात."

त्याचा हात टेबलावर होता, तिचाही होता. मध्ये एका पेन्सिलीचं अंतर. दिवे फडफडले, आता जातील की मग, असं झालं. जायच्या आत काम उरकावं म्हणून तिनं घाईघाईनं बटण दाबलं. बुकिंग पक्कं झालं, आणि दिवे गेले.

अंधारात पाऊसच तेवढा बोलत राहिला. दिवे आले तेव्हा पेन्सिल जागच्या जागी होती.

वकिलातीत त्याला बोलावलं, त्या सकाळी तो तिकडे गेल्यावर ती कागदांच्या प्रती ऑफिसच्या फायलीला लावत होती. शेवटच्या पानावर तिची नजर थबकली. समुद्राकाठची खोली. व्यक्ती — दोन.

अर्ज एकाचा, आणि खोली दोघांची! त्या पावसात, त्या घाईत दोनाचा एक करायचा राहूनच गेला होता. आता ते विचारणार, ही दुसरी व्यक्ती कोण? हा काय सांगणार? दुसऱ्यांदा नकार आला, की रजा गेली, जिने गेले, सगळंच गेलं... आणि तेही तिच्या हातून.

काकांनी चष्मा लावून कागद पाहिला. "चूक झालीय खरी," ते म्हणाले. मग चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "हाताची की मनाची, ते तुझं तू बघ."

दुपार कलेपर्यंत तिनं तोच कागद पंचवीसदा पाहिला. शेवटी दार ढकललं गेलं. तो आत आला, थेट मागच्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "हं, काढा आता फोटो!" हातात पासपोर्ट होता. आत शिक्का होता.

तिला रडू आलं की हसू, कोण जाणे. "विचारलं नाही त्यांनी? ते... दोन?"

"विचारलं की."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"अहो, व्हिसा मिळाला ना? पेढे मागायचे सोडून उलटतपासणी कसली करता!" आणि तो काकांच्या पाया पडायला आत पळाला.

निघायच्या दिवशी तो पाठीवर पिशवी घेऊन आला. ऑफिसच्या दारातच उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर.

"काही राहिलं नाही ना?" त्यानं विचारलं.

तिनं फाईल तपासली. पासपोर्ट होता, तिकीट होतं, विमा होता, सगळ्या खोल्या होत्या. ती पुन्हा पहिल्या पानापासून तपासू लागली. तो वाट बघत उभा होता.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही राहिलं."

"नक्की?"

"नक्की."

तो गेला. त्या खुर्चीत किती जण बसून गेले, या गावात किती जण राहून गेले. आणि तिचं मात्र एवढंसं बोलणं... राहून गेलं.

बाबा पूर्वी माडीवरून उतरताना एक गाणं गुणगुणायचे. आता नुसते ओठ हलतात, पण तिला ऐकू येतं —

*चालणाऱ्याची वाट, वाट संपते गं बाई,*
*पाहणाऱ्याची वाट, तिला मुक्काम नाही.*

आता वाट पाहायची ती खोल्या रद्द होण्याची. त्याचं सगळं बुकिंग ऑफिसच्या पत्त्यावरून झालेलं. त्यानं एखादी खोली सोडली, की तिच्याकडे निरोप येणार. सोडणार तर होताच. वाऱ्याला का कुणी खुंटीला टांगतं? बेकरीवरची खोली आठवडाभरात सोडेल, असं तिनं धरून ठेवलं होतं. निरोप आला नाही. आला तो एक फोटो — पहाटेची धुरकट खिडकी आणि काचेवर बोटानं लिहिलेलं, 'पाव'.

मग नदीवरची खोली. तीही रद्द झाली नाही. फोटोत पाणी होतं, आणि खाली ओळ: 'आडवा जिना. तुम्ही म्हणालात तस्साच.'

"मी नाही, तुम्हीच म्हणाला होतात," तिनं कळवलं.

"हो का? मला हल्ली तुमचं-माझं वेगळं आठवत नाही."

हे वाक्य तिनं किती वेळा वाचलं असेल! वाचायची, फोन पालथा ठेवायची, पुन्हा उलटायची. काका म्हणाले, "मोकळं हिंडायचं म्हणून ओरडत गेलेला माणूस, आणि तुझ्या रुळावरून डबा चालावा तसा चाललाय की गं!"

एकदा फोन आला तेव्हा तिनं विचारलंच. "एकही खोली सोडली नाहीत. का?"

"तुम्ही खिडक्या बघून निवडल्यात ना." पलीकडे कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. "दिवसा हिंडतो खूप. पाय दुखेपर्यंत. पण संध्याकाळी परतायला आपली अशी एक खिडकी असते. मला वाटायचं, मुक्काम ठरला की माणूस अडकतो. उलटंच निघालं... मुक्काम असला, की लांबवर जायला भीती वाटत नाही."

तिला खूप बोलायचं होतं. ती म्हणाली, "जेवण वेळेवर करता ना?"

"करतो," तो म्हणाला. तोही तेवढंच म्हणाला.

दिवस असे गेले. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ती समोरची खुर्ची जरा पुढे सरकवून ठेवायची आणि सकाळी आल्यावर परत मागे. वास तर केव्हाच उडाला होता. पण केर काढणाऱ्या बाईंनी एकदा त्या खुर्चीखाली फडं घातलं, तर ती ओरडली, "राहू द्या हो तिथला!" काय राहू द्यायचं, ते बाईंना कळलं नाही.

आणि मग एका सकाळी समुद्राकाठच्या घरमालकिणीचा निरोप आला. काकांनी तो सवयीनं मोठ्यानं वाचला. "'आपल्या मुक्कामाला अजून अवकाश आहे, पण तयारीला लागले आहे. दोन व्यक्ती येणार, असं दिसतं. तसंच ना? की एकच? आणि दोघं असाल तर पलंग जोडून ठेवू, की वेगळे —'" काका खोकले. "पुढचं तू वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

तिचे कान तापले. तिनं बुकिंग उघडलं. चौकटीत 'दोन' तसंच बसलं होतं, हट्टी पोरासारखं. एक कळ दाबली की झालं. आजवर शेकडो वेळा केलेलं काम. बोट कळीवर गेलं... आणि तिथेच राहिलं.

"काका, एकच करायला हवं ना?"

"मला काय विचारतेस? मी काही दुसरी व्यक्ती नाही." काकांनी खण उघडला आणि एक कोरा, करकरीत पासपोर्ट टेबलावर ठेवला. तिचाच. या धंद्यात बसायचं तर हवा, म्हणून त्यांनीच कधीकाळी काढायला लावलेला, आतून एकही शिक्का नसलेला. "पंधरा दिवसांचा व्हिसा काढायला अजून भरपूर वेळ आहे. आणि राहणार कुठे याचा पुरावा... तो तर तू स्वतःच केव्हाचा करून ठेवलायस."

"पण बाबा —"

"बाबांचं बाबांना विचार."

त्या संध्याकाळी ती घरी गेली, तर बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होते. तिनं सगळं सांगितलं, अडखळत, अर्धं गिळत. पलंगाचं तेवढं वगळलं. बाबा लसूण सोलतच राहिले.

"तुमचं कसं होणार, बाबा?"

"माझं?" ती घोगरी कुजबुज. "तुझी आत्या केव्हाची टपून बसलीय इथे येऊन राहायला. मीच नाही म्हणतो, फार बोलते म्हणून. पंधरा दिवस काढीन कसेतरी." लसणीचं एक साल फुंकरीनं उडालं. "मी काय तुझ्या पायात पाय घालून बसलोय होय गं? नाव माझं, आणि भीती तुझी."

ती खिडकीशी गेली. फोन लावला. पलीकडे कुठल्याशा स्थानकाचा गलबला होता, चाकांचा खडखडाट होता.

"घरमालकीण विचारतेय," ती एका दमात म्हणाली, "एक की दोन."

उत्तराची वाट न बघता तिनं पुढचं विचारलं.

"आणि आधी मला सांगा, त्या दिवशी वकिलातीत तुम्ही काय सांगितलंत?"

"त्या बाईंनी कागदावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ही दुसरी व्यक्ती कोण? मी म्हटलं..." तो अडखळला. "म्हटलं, तिला अजून विचारायचं राहिलंय."

"मग?"

"चष्म्यावरून बघितलं त्यांनी. म्हणाल्या, मग विचारा की! आणि मारला शिक्का."

"मग विचारलं का नाहीस?" तिच्या आवाजातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

"विचारलं होतं की. दारात उभं राहून. काही राहिलं नाही ना, म्हणून. तू म्हणालीस, काही नाही राहिलं. म्हटलं, असू दे. ते 'दोन' मात्र मी खोडायला सांगितलं नाही. पहिली पायरी रुंद ठेवली नुसती."

तिच्या डोळ्यांसमोरची खिडकी विरघळू लागली. पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत गाडी पुकारत होतं. पुकारून झालं आणि पुकारणारा गप्प झाला. पुढचं वाक्य तिथे कुणी म्हणत नसावं.

मागे खुर्ची कुरकुरली. बाबांनी घसा खाकरला. मग त्यांनी मान वर केली आणि उरल्यासुरल्या सगळ्या आवाजानिशी, माडीवरच्या काचेच्या खोलीत बसल्यासारखं पुकारलं —

"कुणी राहिलंय का...?"

आणि क्षणभर थांबले. हात करायला वेळ लागतो, तेवढंच.

एका हातात फोन होता. तिनं दुसरा हात वर केला, लहान मुलीसारखा, अगदी उंच.

"मी," ती म्हणाली. "मी राहिलेय."